मातीतली नदी

एकेकाळी एका नदीकाठच्या राज्यात एक वृद्ध आचार्य आणि त्यांची एक तरुण शिष्या राहत असत. दर पावसाळ्यात पूर येई आणि अर्धे नगर पाण्यात जाई. शिष्येने राजवाड्याच्या अंगणात माती-वाळूची नदी मांडली. घाट, पेठा, बांध, सगळे काही. वरून घागर ओतायची आणि पाणी कुठे धावते ते पाहायचे. त्यावरून तिने सांगितले, "उत्तरेला कुरण मोकळे आहे. तिकडे बांधाला दरवाजा करा." दरवाजा झाला आणि त्या वर्षी नगर वाचले.

राजा हरखला. त्याने त्या प्रतिकृतीवर मंडप घातला, पहारा बसवला. लोक रोज तिला हळदकुंकू वाहू लागले. विहीर कुठे खणावी, बाजार कुठे भरवावा, सारे तिलाच विचारून ठरे. शिष्येचा मान वाढला, आणि नदीवरची तिची पायपीट थांबली.

वर्षे लोटली. एका श्रावणात नदी पुन्हा फुगली. प्रधान म्हणाले, "चिंता कसली? उत्तरेचा दरवाजा उघडा."

तेवढ्यात उत्तरेकडचे कुंभार धापा टाकत आले. "महाराज, दरवाजा उघडू नका! कुरणात आता आमची घरं आहेत. लेकरंबाळं आहेत."

प्रधानांनी प्रतिकृतीकडे बोट दाखवले. "कुठे आहेत घरं? इथे तर नुसतं गवत दिसतंय."

"त्यात कशी दिसतील?" एक म्हातारी कुंभारीण फणकारली. "ती माती आमच्याकडूनच नेलीत, पण आम्हाला घ्यायचं राहिलं की हो!"

दरबार हसला. शिष्येची मान मात्र खाली गेली. म्हातारी खरे बोलत होती. पण स्वतःच्या हातांनी घडवलेले खोटे कसे म्हणावे?

आचार्य उठले. मंडपात गेले, कोपऱ्यातली घागर उचलली आणि प्रतिकृतीवर उपडी केली. घाट विरघळले, पेठा खचल्या, कुरण वाहून गेले.

"धरा त्या म्हाताऱ्याला!" प्रधान ओरडले.

शिष्येला रडू कोसळले. "गुरुदेव, माझे सारे तप होते ते!"

"मुली," आचार्य शांतपणे म्हणाले, "हरितालिकेला बायका वाळूची पिंडी करतात. निर्जळी उपास धरतात, रात्र जागवतात, आणि सकाळी तीच पिंडी पाण्यात सोडतात. श्रद्धा आटली म्हणून सोडतात का? वाळूतून जे पाहायचे ते पाहून झालेले असते. तू ही नदी मांडलीस तेव्हा चिखल तुडवलास, नावाड्याशी वाद घातलास, ठिकठिकाणी चुकलीस. नदी तुला तेव्हा कळली. नंतर मातीची मूर्ती झाली, आणि मूर्तीला कुणी प्रश्न विचारीत नाही."

"उपदेश पुरे!" राजा गरजला. "पाणी चढते आहे. शिष्ये, होती तशीच उभी कर. आत्ता!"

तिने डोळे पुसले. होती तशी तिला डोळे मिटूनही उभी करता आली असती.

"नाही, महाराज."

"ही राजाज्ञा आहे."

"असू दे. नवी मांडीन, पण आधी काठाने फिरून येईन. तोवर उत्तरेचा दरवाजा उघडायचाच असेल, तर आधी मला सांगा, मी त्याच्या पुढ्यात येऊन बसेन. मला वाहून नेऊन मग पाणी पुढे जाईल."

एवढे बोलून ती कुंभारांबरोबर भर पावसात चालू लागली. मागून आचार्य निघाले. दरवाजा उघडायला कुणाचा हात धजेना. अखेर राजाही छत्री न घेता निघाला.

दिवेलागणीपूर्वी ते परतले. शिष्येने नवी नदी मांडली. कुंभारांनी आपली घरे आपल्या हातांनी ठेवली. मग तिने राजाचे उद्यान मांडले. पूर्वी भिडेपोटी तिने ते उंच टेकडीवर दाखवले होते. खरे तर ते नगराच्या सर्वांत सखल भागात होते. तिने पाणी ओतले. ते सरळ उद्यानात शिरले.

शिष्येने राजाकडे पाहिले आणि या वेळी मान खाली घातली नाही.

राजाने त्या पाण्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "उद्यानाची नदीकडची भिंत फोडा. पाणी तिकडे जाऊ दे."

राज्य चालवायचे तर आराखडे हवेतच, आणि ते मनोभावे मांडावेत; पण आराखड्यात जो दिसत नाही त्याला बुडवण्याचा अधिकार कुठल्याही आराखड्याला नाही.