राक्षसाच्या पायाखाली साबुदाणा

एक होतं टेबल. टेबलावर होतं एक सैन्य.

केवढं सैन्य? एवढंसं. एकेक शिपाई बोटाच्या पेराएवढा. शिंगवाले राक्षस होते. पंखवाले घोडे होते. बेडकावर बसलेली एक चेटकीण होती. सगळे डब्यातून आले होते, पण आले होते सुटे सुटे. हात वेगळे, पाय वेगळे, डोकी वेगळी.

नलू आत्या त्यांना जोडायची. गोंद लावायची. रंग द्यायची. डोळ्यापुढं मोठं भिंग, आणि जीभ जराशी बाहेर. एकदा तिनं चुकून घोड्याला राक्षसाचं डोकं लावलं. मग लांबून बघितलं आणि म्हणाली, "असू दे. बरं दिसतं."

टेबलाच्या कोपऱ्यात ऊन पडलं होतं. उन्हात झोपला होता लाडोबा बोका. डोक्यापासून शेपटीपर्यंत ऊनच ऊन.

आणि टेबलावरून चालली होती एक मुंगी. तिचं नाव ठिपकी. तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकीच्या डोक्यावर एक साबुदाणा. गोल गोल, पांढरा पांढरा.

आज ठिपकीच्या धाकट्या भावाचं उष्टावण होतं. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. आई मुंगी म्हणाली होती, "ठिपके, काहीतरी मऊ आण गं. बाळाला दात नाहीत."

साबुदाणा काही मऊ नव्हता. चांगला टणक होता. पण पांढरा आहे म्हणजे मऊच असणार, असं ठिपकीला वाटलं. ती होतीच अजून लहान.

चालून चालून ठिपकी दमली. तिनं साबुदाणा खाली ठेवला. मिशा पुसल्या. तेवढ्यात वरून आला चिमटा.

"अगंबाई, काय छान दगड," आत्या म्हणाली. "राक्षसाच्या पायाखाली शोभेल."

चिमट्यानं साबुदाणा उचलला. गोंदात बुडवला. राक्षसाच्या पायाखाली बसवला. चप्प! आत्यानं फुंकर घातली. फू फू. गोंद वाळला.

"आता आधी सेनापतीची तलवार," आत्या म्हणाली. "मग या दगडाला काळा रंग."

काळा रंग? बाळाचा पहिला घास काळा?

ठिपकीला रडू आलं. ती थोडंसं रडली. मग उठली आणि गेली राक्षसाकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"राक्षसदादा, राक्षसदादा, पाय उचल."

"का गं?"

"साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

राक्षस गुरगुरला. गुर्रर्र.
"मी नाही उचलणार. गोंदानं मला धरलंय. गोंद सोडेल, तर मी पाय उचलेन."

ठिपकी वाकली. राक्षसाच्या पायाखाली होता गोंद.

"गोंदकाका, गोंदकाका, सोडा."

"का गंऽऽ?" गोंद फारच हळू बोलायचा.

"राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"मीऽऽ नाहीऽऽ सोडणार. मी वाळून कडक झालोय. पाणी येईल, तर मी सोडेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कान तुटलेला एक कप होता. कपात होतं पाणी.

"पाण्या, पाण्या, ये."

"का गं?"

"गोंद सोडेना,
राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

पाणी हललं. डुबुक डुबुक.
"मी नाही येणार. मला पाय आहेत का? कुंचला बुडेल, तर मी येईन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पेल्यात उभा होता कुंचला. केस कसे अगदी नीटनेटके.

"कुंचलेभाऊ, कुंचलेभाऊ, बुडा."

"का गं?"

"पाणी येईना,
गोंद सोडेना,
राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

कुंचल्यानं नाक मुरडलं.
"मी नाही बुडणार. केस ओले होतात. मला लगेच सर्दी होते. आत्या मला धरेल, तर मी बुडेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आत्या कुठं होती? आत्या होती टेबलाखाली. नुसती पाठ दिसत होती.

"आत्या, आत्या, कुंचला धर."

"का गं मुक्ता?" आत्या म्हणाली.

मुक्ता म्हणजे आत्याची भाची. ती बसली होती शेजारी, केळं खात.
"मी नाही बोलले," मुक्ता म्हणाली.

ठिपकी बोलतच राहिली.

"कुंचला बुडेना,
पाणी येईना,
गोंद सोडेना,
राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"हो गं हो," आत्या म्हणाली. तिनं अर्धंच ऐकलं होतं. "पण सेनापतीची तलवार हरवली ना. एवढीशी तलवार, बडीशेपेएवढी. नक्की त्या लाडोबाच्या पोटाखाली असणार. मी नाही बाई त्याला उठवणार. मेला नखं काढतो. बोका उठेल, तर मी कुंचला धरेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बोका घोरत होता. घर्रर्र घर्रर्र. नखं केवढी! एकेक नख ठिपकीपेक्षा मोठं. ठिपकी चार पावलं मागं सरकली. पण बाळ घरी आ वासून बसलं असेल, हे तिला आठवलं.

"बोकोबा, बोकोबा, उठा."

"का गं?" बोक्यानं एकच डोळा उघडला.

"आत्या कुंचला धरेना,
कुंचला बुडेना,
पाणी येईना,
गोंद सोडेना,
राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

बोक्यानं जांभई दिली. आऽऽऽ.
"मी नाही उठणार. पोटाला काहीतरी टोचतंय खरं. पण शेपटीवर अजून ऊन आहे. ऊन सरकेल, तर मी उठेन." आणि त्यानं तो एक डोळाही मिटून घेतला.

ठिपकी निघाली. आता ती फार दमली होती. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

"उन्हा, उन्हा, सरक."

"का गं?"

"बोका उठेना,
आत्या कुंचला धरेना,
कुंचला बुडेना,
पाणी येईना,
गोंद सोडेना,
राक्षस पाय उचलेना,
साबुदाणा माझा सुटेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

ठिपकी वाट बघत राहिली. आता ऊन म्हणेल, मी नाही सरकणार. आता म्हणेल, अमका येईल तर, तमका जाईल तर.

ऊन हसलं.
"अगं वेडे, मी तर केव्हाचं सरकतंय. तू राक्षसाकडं गेलीस, तेव्हा मी बोक्याच्या डोक्यावर होतं. गोंदाकडं गेलीस, तेव्हा मानेवर. पाण्याकडं गेलीस, तेव्हा पाठीवर. कुंचल्याकडं गेलीस, तेव्हा पोटावर. तू चालत होतीस, मी सरकत होतं. आता बघ."

ठिपकीनं बघितलं. ऊन होतं बोक्याच्या शेपटीच्या टोकावर. एवढंसंच.

आणि ते सरकलं. टिच्च!

ऊन सरकलं. शेपटी गार पडली.

बोका उठला. त्यानं आळस दिला. पोटाला चिकटली होती तलवार, ती पडली. टिंग!

"सापडली," आत्या म्हणाली. सेनापतीच्या मुठीत तलवार बसली. आत्यानं कुंचला धरला.

कुंचला बुडाला. डुबुक! केस ओले झाले आणि त्याला लगेच सर्दी झाली. आक्...छी! राक्षसाच्या पायावर तीन थेंब उडाले. टप. टप. टप.

पाणी आलं. गोंद भिजला, मऊ झाला, पातळ झाला.

"सोऽऽडतोऽऽ," गोंद म्हणाला. आणि सोडलं.

आता राक्षसानं पाय उचलायचा होता. तो उचलणारच होता. पण साबुदाणा काही थांबला नाही. तो पाणी प्यायला आणि फुगला. आणखी फुगला. टम्म फुगला. राक्षसाचा पाय आपोआप वर. आणखी वर.

"अगं, अगं, मी पडेन ना," राक्षस म्हणाला.

पुळुक! साबुदाणा सुटला.

तिकडं आत्यानं काळी डबी उघडली. "चला, आता दगड." कुंचला काळ्या रंगात बुडाला. कुंचला निघाला. कुंचला आला, जवळ आला...

ठिपकीनं साबुदाणा ढकलला. गडगड गडगड. साबुदाणा पुढं, ठिपकी मागं. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

कुंचला खाली टेकला. खाली दगडच नाही.

"मुक्ता, इथला दगड कुठं गेला?"

"मी नाही घेतला," मुक्ता म्हणाली. तिचं केळं संपलं होतं. "तो चालत गेला."

"दगड कधी चालतो का गं?"

"तुझा चालतो," मुक्ता म्हणाली.

आत्यानं भिंगातून बघितलं. राक्षस उभा होता एका पायावर. दुसरा पाय हवेत. युद्धाला निघालेला राक्षस, पण नाचायला लागल्यासारखा.

आत्यानं मान तिरकी केली. जीभ जराशी बाहेर काढली.
"असू दे," ती म्हणाली. "बरं दिसतं."

ठिपकी घरी पोचली. बाळ आ वासूनच बसलं होतं. आई मुंगीनं साबुदाणा दाबून बघितला. सकाळी तो टणक होता. आता लोण्यासारखा मऊ झाला होता. आणि केवढा मोठा! बाळाला पुरला. आईला पुरला. ठिपकीला पुरला. शेजारच्या चार मुंग्यांनाही पुरला.

बाळानं पहिला घास घेतला. मच मच मच. गालाला साबुदाणा, नाकाला साबुदाणा, मिशांनाही साबुदाणा. बाळ हसलं.

"ठिपके," आई म्हणाली, "किती उशीर केलास गं. कुठं होतीस इतका वेळ?"

ठिपकीनं सहाही पाय पसरले. मोठा घास तोंडात टाकला. आणि म्हणाली,

"अगं आई, साबुदाणा भिजत घातला होता."

साबुदाणा संपला, गोष्टही संपली.
बोक्यानं उन्हाची नवी जागा शोधली.
आणि झोपला. घर्रर्र घर्रर्र.