पंख्याला हाक मारणारा सेन्सर

घाटात गाडी थांबली की चाकाला दगड लावायचे, त्या काळची गोष्ट. एका कॅम्पर व्हॅनमध्ये म्हातारा सेन्सर होता. इंजिन तापलं की तो पंख्याला म्हणायचा, "ऊठ रे!" हल्ली त्याला उशिरा कळायचं, पण कबूल कोण करणार? शेवटी एका चढावर गाडीतलं पाणी उकळलं. मालकीण कुमुदताईंनी चाकाला दगड लावला, आणि घरी येताच पंख्यासाठी वेगळं बटण बसवलं.

"म्हणजे मी मोडीत निघालो," सेन्सर कुढत बसला.

पुढच्या घाटात तापमानाचा काटा चढताच कुमुदताईंनी बटण दाबलं. पंखा फिरू लागला.

"मी हाक मारली नव्हती!" सेन्सर म्हणाला.

"काका, तुम्ही मारलीत तर मी उठेनच," पंखा म्हणाला. "पण राहून गेली, तरी आता इंजिन जळणार नाही."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सेन्सरला घाटाची भीती वाटत नव्हती.