अक्षता न आणणारी पत्रिका

कराडच्या ज्ञातिमंडळाचे अध्यक्ष आबासाहेब गुळवणी यांच्या शब्दाबाहेर मंडळातली तीनशे घरं जात नसत. एका सकाळी त्यांच्या फोनवर अनोळखी नंबरावरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. ती उघडून मंडळाच्या ग्रुपवर धाडायला ते सरसावले.

पुतणी शर्वरीने ते पाहिलं. "काका, थांबा! ही पत्रिका नाही, ॲप आहे. उघडलंत तर फोनमधले मेसेज चोराच्या हाती जातील, बँकेचे ओटीपीसुद्धा. आणि तुम्ही पाठवलंत की तीनशे घरं डोळे मिटून उघडतील."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस? शुभकार्याला नाट लावू नकोस."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आवाज तिने खाली आणला.

"बरं, उघडा. पण घरी अक्षता द्यायला कोण आलं होतं? सख्ख्या मेहुण्याने नुसतं फोनवर बोलावलं, तर तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला नाहीत. याने तर नावही सांगितलं नाही, आणि तुम्ही निघालात?"

आबासाहेबांचं बोट हवेतच थांबलं. "मला असं बोलावतो?" त्यांनी फाइल पुसली, नंबर ब्लॉक केला आणि ग्रुपवर फर्मान काढलं, 'यजमान अक्षता घेऊन दारी आल्याशिवाय फोनवरची पत्रिका कोणीही उघडू नये!'

लगोलग तीनशे घरांतून होकार आले.

"बघ," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मान असा राखायचा असतो."

"खरंय काका," शर्वरी म्हणाली. "आता चोराला आधी तीनशे घरी अक्षता वाटत फिरावं लागेल."