उन्हाचे अन्न, सावलीचे अन्न

त्या दिवशी थंडी होती म्हणावे तर ऊनही कडक होते. पाठ तापायची आणि पोटऱ्यांना वारा झोंबायचा. पूर्वी रेणुपूर नगरात सुदर्भ राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तिथे वैद्य होऊन राहत होता.

पूर्वेकडच्या एका यात्रिकाने त्याला विद्या दिली होती: डोंगराला उन्हाची बाजू असते तशी सावलीचीही, आणि अन्नाचे व देहाचेही तसेच. देहात सावली वाढली तर उन्हाचे अन्न द्यावे, ऊन वाढले तर सावलीचे. विद्या खरी होती. सोपी मात्र नव्हती.

शोणक कुंभाराने ती ऐकली आणि घरातल्या मडक्यांना खुणा केल्या. उन्हाच्या अन्नाला चुना, सावलीच्या अन्नाला काजळी. पुढे त्याची बायको उत्पला तापातून उठली, आणि तिला काय द्यावे तेच त्याला ठरेना. तीन दिवस ती उपाशी राहिली. डोळे खोल गेले. मग त्या ऊन-थंडीच्या दिवशी त्याने बोधिसत्त्वाला बोलावले. नव्या राजवैद्याची निवड व्हायची होती, म्हणून राजाचा माणूसही त्याची परीक्षा पाहायला आला.

शोणक म्हणाला, "वैद्यबाबा, मीठ उन्हात वाळते, पण येते पाण्यातून. मग चुना की काजळी? दही हाताला गार, पोटात म्हणे गरम! आणि हा मुळा तर जन्मभर अंधारात!"

बोधिसत्त्वाने उत्पलेला पाहिले. तळवे गार, जीभ कोरडी. एक खूण इकडची, एक तिकडची. त्याने पुष्कळ विचार केला, तरी उलगडा होईना. काहीतरी ठासून सांगितले असते तर राजवैद्यपद मिळाले असते.

तो म्हणाला, "मला कळत नाही."

राजाचा माणूस हसला आणि निघून गेला.

बोधिसत्त्व खाली बसला. "बाई, तुला काय खावेसे वाटते?"

"पेज," ती म्हणाली. "कोमट, मीठ घातलेली. तीन दिवस कुणी विचारलेच नाही."

"अगं, पण पेजेला खूण कोणती..." शोणक कळवळला.

बोधिसत्त्वाने चार चमचे पाजले आणि थांबला. पोट काय म्हणते, विचारले. मग आणखी चार. तिसऱ्या प्रहरी उत्पला भिंतीला टेकून बसली.

ही मागच्या जन्मीची गोष्ट. तेव्हाचा शोणक म्हणजे आपल्या संघात पथ्यांच्या याद्या जमवीत हिंडणारा आजचा भिक्षू, उत्पला ही त्याची आई, आणि तो वैद्य मीच, असे शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितले. आपले अज्ञान न लपवणारी करुणा, ती ही.

एक सांगायचे राहिले. घरी जाताना बोधिसत्त्वाला शेजारची म्हातारी दारात भेटली. ती म्हणाली, "वैद्यबाबा, मोठी जागा गेली म्हणे तुमची. बरे झाले. राजवाड्यात गेला असतात, तर आम्ही कुणाला हाक मारली असती?"