आठ पदरी चाबूक

सरदार भगवंतरावांची घोडी भर मिरवणुकीत अडून बसली आणि परतल्यावर सगळा राग तिची निगा राखणाऱ्या हैबतीवर निघाला. तेवढ्यात चाबूक विणणारा सटवाजी नवा आठ पदरी चाबूक घेऊन पागेत आला.

"हा चाबूक हैबतीच्या पाठीवरच पारखतो," सरदार गरजले. "वळ उठला नाही, तर पुढचा फटका तुला!"

सटवाजीने मुजरा केला.

"सरकार, वळ तर निरगुडीचा साधा फोकही उठवतो. हे आठ पदर ताणून ताणून शेंड्याकडे निमुळते विणलेत, ते हवेत बार उडावा म्हणून. कसलेला हात कुणाच्या अंगाला न लावता चाबूक वाजवतो. ज्याला ते जमत नाही, त्यालाच पाठ लागते."

सगळी पागा सरदारांच्या हाताकडे बघू लागली. आता हैबतीला मारणं म्हणजे आपला हात कच्चा असल्याची कबुलीच! सरदारांनी चाबूक हवेत फिरवला. बंदुकीसारखा बार निघाला. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी हैबतीला सोडून दिलं.

त्या वर्षापासून दसऱ्याचं सोनं हैबती आधी सटवाजीच्या हातावर ठेवी, मग सरदारांच्या.