डोंगरी ट्यूलिपचा उन्हाळा

“बाबा, पाणी कमी पडलं का?”

करीमशहा फकिराने दगडांमधल्या मातीत बोटं खुपसून एक कंद वर काढला. तो हातातच पिचला. कुबट वास आला.

विचारणारा यासीन. फकिराचा शिष्य होण्याआधी त्याने बारा वर्षं एका सरदाराची बाग राखली होती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

काश्मीरमधल्या एका उघड्या उतारावर फकिराची झोपडी होती. पुढ्यातल्या दगडांत डोंगरी ट्यूलिप फुलत. बोटभर उंचीचे, तांबड्या-पांढऱ्या पाकळ्यांचे. फकिराच्या गुरूने मरताना त्याच्या ओंजळीत सात कंद ठेवले होते. तीस वर्षांत त्यांनी दगडांमधली सगळी जागा भरून टाकली होती.

उन्हाळ्यात फकीर दूरच्या दर्ग्याला निघाला, तेव्हा एवढंच म्हणाला, “यांना हात लावू नकोस.”

बागवानाला असं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आठ दिवसांत पानं पिवळी पडली आणि यासीनला राहवेना. तो खालच्या झऱ्यावरून घागरी वाहू लागला.

“रोज किती घागरी?” परतलेल्या फकिराने आता विचारलं.

“चार. शेवटी शेवटी सहा.”

“चढ मोठा आहे.”

“पानं वाळत होती, बाबा. मला वाटलं, मरतात आता.”

“झोपत होते ते.”

“झोपत?”

“फुलून झालं की हे झोपतात. तापल्या, कोरड्या दगडांत. पुढच्या वर्षीचं फूल तेव्हाच धरतं.”

यासीन मटकन खाली बसला. “तुमच्या गुरूंची एवढीच तर खूण होती…”

फकिराचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याला फार वाईट वाटलं होतं आणि त्याने ते लपवलं नाही.

“मी उद्या निघतो, बाबा. कुठल्या तोंडाने तुमच्यासमोर राहू?”

फकिराचं लक्ष त्याच्या खांद्याकडे गेलं. घागरींनी तिथली कातडी सोलवटली होती. तो आत गेला, अक्रोडाचं तेल घेऊन आला आणि हलक्या हाताने चोळू लागला. बराच वेळ चोळत राहिला.

“वरच्या कपारीत तुझं पाणी पोचलं नाही,” तो म्हणाला. “तिथले चार कंद मी चाचपले, टणक आहेत.”

यासीन ताडकन उठला. “मग त्यांच्यावर सावलीला चटई बांधतो. थोडं खत…”

फकिराने त्याचा हात धरला.

“काहीच नाही करायचं?”

“नाही.”

“मग मी इथे राहून करू काय?”

फकीर झोपडीच्या सावलीत सरकला. शेजारची जागा त्याने हाताने झाडली.

“त्यांचं काय ते ऊन बघेल. तू इकडे ये, मला सोबत होईल.”