न विचारलेला प्रश्न

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरपायथ्याच्या एका गावात वैद्यबुवांची पाठशाळा होती. बुवांचं औषध रामबाण, पण जीभ विस्तवासारखी. एखाद्यानं तीच गोष्ट पुन्हा विचारली, की त्याला दिवसभर उन्हात उभं करीत. चैत्रात अठरा शिष्य आले. पुढच्या चैत्रापर्यंत बाराच उरले. "पाखडलं की फोलच उडतं," बुवा म्हणत.

उरलेल्यांत भागा होती. घरी असताना ती नुसत्या वासावरून पाला ओळखायची. इथे बुवांच्या खडावा वाजल्या, की तिला येत असलेलंही आठवेनासं होई.

एके सकाळी बुवांनी सारख्याच दिसणाऱ्या दोन मुळ्या दाखवल्या. एक पोटदुखीवरची, दुसरी लेपाची. ती पोटात गेली तर विष. फरक त्यांनी भरभर सांगितला. भागाला तो कळला नाही. पण आदल्याच दिवशी तिची मैत्रीण प्रश्न विचारून उन्हात उभी राहिली होती, आणि पहाटेच गाठोडं घेऊन निघून गेली होती.

"समजलं?" बुवांनी विचारलं. सगळे हो म्हणाले. भागाही.

चार दिवस तिला चैन पडेना. विचारावं म्हणून ती बुवांच्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि परत फिरे.

पाचव्या दिवशी बुवा शेजारगावी गेले असताना एक धनगर पोट धरून आला. भागानं इतरांना मुळ्या दाखवल्या. एकानं ही दाखवली, दुसऱ्यानं ती. धनगर तर कळवळत होता. तिनं एक मुळी उगाळून दिली. घटकाभरात त्याला दरदरून घाम फुटला, ओठ निळे पडले.

भागा धावत सुटली. गावाबाहेर दोन वाटा होत्या. पाय आपसूक घराच्या वाटेला लागले. शंभरेक पावलांवर ती थांबली, आणि उलटी फिरून बुवांकडे पळाली.

बुवा धावत आले. संध्याकाळपर्यंत झुंजले, तेव्हा कुठे धनगराचा श्वास जागेवर आला. मग त्यांनी विचारलं, "कळलं नव्हतं, तर विचारलं का नाहीस?"

"विचारणाऱ्यांचं काय होतं, ते रोज बघत होते, बुवा."

बुवांनी त्या मुळ्या बाकीच्यांपुढे धरल्या. एकालाही खात्रीनं सांगता येईना. बुवांनी मुळ्या खाली ठेवल्या आणि फरक पुन्हा, सावकाश सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून ते सोडून गेलेल्यांच्या दारोदार हिंडले. माझं चुकलं म्हणाले. चौघे परतले. भागाच्या मैत्रिणीनं मात्र आईकरवी निरोप दिला, की तिला आता काहीच शिकायचं नाही. बुवा आणखी दोनदा गेले. दार उघडलं नाही.

जिथे विचारायची भीती असते, तिथे विद्या टिकत नाही, आणि विद्यार्थीही टिकत नाहीत.